बीदरचा अस्त, मावळच्या बाजूने

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम मागे पडतात, छोटासा घाट येतो आणि पलीकडे पिरंगुट. आता इथे कारखान्यांच्या शेड आहेत, गोदामे आहेत. पाळी सुटली की रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नसते. शेडच्या मागे भाताची थोडी खाचरे अजून तग धरून आहेत. अशा गावात बसून पाचशे वर्षांपूर्वीच्या बीदरच्या गादीवर पुस्तक का लिहावे, असे हस्तलिखित वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला विचारले. त्याचे उत्तर इथे सविस्तर देतो, कारण हे पुस्तक त्या उत्तरातूनच उभे राहिले.

सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या आदिलशाहीत राहून मुहम्मद कासिम फेरिश्ता याने हिंदुस्थानातल्या सुलतानांचा मोठा इतिहास फारसीत लिहिला. त्यात एके ठिकाणी किल्ल्यांची यादी येते. मलिक अहमद नावाचा तरुण सरदार १४८६ च्या सुमारास जुन्नरला येतो, शिवनेरीला वेढा घालून तो घेतो आणि मग चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोरीगड, कोंढाणा, पुरंदर, भोरप, माहुली असे किल्ले एकामागून एक ताब्यात घेतो. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसून होतो. कोरीगड आमच्या मुळशी तालुक्यातला. तुंग आणि तिकोना शेजारच्या पवन मावळातले. भोरप म्हणजे सुधागड, आमच्या तैलबैलाच्या भिंतींवरून खाली कोकणात दिसतो तो. कोंढाणा तर पुण्याच्या उशालाच. शाळेत शिकलेले बहमनी राज्य माझ्या लेखी गुलबर्ग्याला आणि बीदरला होते, रायचूरच्या दुआबात लढत होते. ते मोडायला सुरुवात झाली ती मात्र मी लहानपणापासून ज्या डोंगरांच्या आडोशाला वाढलो, त्या डोंगरांवर. हे मला कुणी सांगितले नव्हते.

बहमनी राज्याची उभारणी थोडक्यात सांगून पुढे जातो, पुस्तकात ती सविस्तर आहेच. मुहम्मद तुघलकाविरुद्ध दख्खनमधल्या अमिरांनी बंड केले आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबादला अलाउद्दीन हसन बहमनशाह गादीवर बसला. राजधानी गुलबर्ग्याला गेली आणि पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशाहाने ती बीदरला नेली. दुसरा सुलतान मुहम्मदशाह याने राज्याच्या चार तरफा पाडल्या: दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा आणि तेलंगण. प्रत्येक तरफेवर एक तरफदार. फौज त्याची, वसूल त्याचा, किल्लेही त्याचेच. 'तरफ' हा शब्द आपण विसरलेलो नाही. कित्येक गावांच्या नावापुढे सातबाऱ्यावर अजून 'तर्फे' लिहिलेले असते. तेव्हा एका तरफेत आजच्या विभागाएवढा मुलूख मावे. पुढे हा शब्द आकसत आकसत पाच-पंचवीस गावांवर आला. शब्द असा लहान झाला आणि राज्य मोडले, या दोहोंचा संबंध आहे असे मला वाटते. तो मी तिसऱ्या प्रकरणात मांडला आहे.

राज्य मोडले तरी केव्हा? पाठ्यपुस्तकात १५२७ हे साल असते. १८ सुलतान, १८० वर्षे, मग पाच शाह्या. पण मलिक अहमदाने बीदरची फौज हरवली ती १४९० मध्ये, आणि त्याच सुमारास विजापूर व वऱ्हाडही वेगळे झाले. बीदरमध्ये कारभार बरीद घराण्याच्या हाती गेला, गोवळकोंडाही सुटला. एवढे होऊनही गादीवर सुलतान होताच. १४८२ मध्ये बारा वर्षांचा असताना बसलेला महमूदशाह १५१८ पर्यंत बसून राहिला. इतकी वर्षे दुसरा कुणीही बहमनी सुलतान गादीवर नव्हता, आणि इतके कमी राज्यही दुसऱ्या कुणी केले नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले तेव्हाही बीदरला बहमनी सुलतान जिवंत होता. गोव्याशी आता त्याचा काही संबंध उरला नव्हता, इतकेच. शेवटचा कलीमुल्ला मदतीसाठी बाबराला पत्र पाठवतो, ते फुटते, तो विजापूरला पळतो आणि तिथून अहमदनगरला. म्हणजे ज्याच्या बापाने त्याचे राज्य पहिल्यांदा तोडले, त्याच्याच दारात तो आसऱ्याला गेला. हे राज्य एका लढाईत पडलेले नाही. तालिकोटसारखा एखादा दिवस त्याच्या वाट्याला आला नाही. माळवदाची एकेक तुळई किडत जावी तसे ते चाळीस वर्षे खचत होते.

मराठीत याची कारणे सांगण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. पहिलीत सुलतान विलासी झाले, दारूत बुडाले आणि राज्य गेले. दुसरीत परक्यांचे राज्य इथल्या मातीत रुजणे शक्यच नव्हते, मराठे डोंगरात टपून बसले होते, संधी मिळताच त्यांनी ते पाडले. पहिल्या गोष्टीत तथ्य आहे, पण पुष्कळ दारुडे राजे सुखाने राज्य करून गेले. दुसरी गोष्ट ऐकायला मलाही आवडत असे. शिवनेरीची हकीगत वाचल्यावर ती मला सोडून द्यावी लागली. त्या हकीगतीकडे यायचे आहे, पण आधी चाकणला जाऊ.

पंधराव्या शतकाच्या मध्याला, दुसऱ्या अलाउद्दीन अहमदाच्या कारकिर्दीत, खलफ हसन बसरी हा सरदार कोकणपट्टी जिंकायला निघाला. हा मूळचा व्यापारी. 'मलिक-उत्-तुज्जार', व्यापाऱ्यांचा राजा, हा त्याचा किताब. त्याने चाकणला ठाणे केले. तिथून निघून त्याने शिर्क्यांना पकडले आणि धर्म बदल, नाहीतर मर, असे सांगितले. शिर्क्यांनी तयारी दाखवली, पण एक अट घातली: आधी माझा वैरी, खेळण्याचा शंकरराव, त्याचा बंदोबस्त करा. खेळणा म्हणजे विशाळगड. वाटाड्या शिर्केच. सह्याद्रीच्या त्या रानात, जिथे दिवसासुद्धा ऊन खाली पोचत नाही, फौज शिरली. बसरी स्वतः हगवणीने आजारी, फौज पांगलेली. रात्री शंकररावाची माणसे आली आणि बसरीसह बहुतेकांना कापून काढले. दख्खनी सरदारांची पथके मात्र त्या रानात शिरलीच नव्हती. मागेच थांबली होती.

इथवरची गोष्ट मराठी वाचकाला रुचते. पुढची आपण फारशी सांगत नाही. वाचलेले परदेशी शिपाई कसेबसे चाकणला पोचले. दख्खनी सरदारांनी मागे राहून आम्हाला मारवले, हे आम्ही सुलतानाला कळवू, असे ते बोलून बसले. ते बीदरला पोचायच्या आत दख्खनी सरदारांनीच सुलतानाला लिहिले की हे परदेशी फितूर झाले आहेत, कोकणच्या राजांना मिळाले आहेत. सुलतान दारूच्या नशेत होता आणि त्याने हुकूम दिला. चाकणच्या किल्ल्याला दोन महिने वेढा पडला. तो आपल्याच फौजेने आपल्याच फौजेला घातला होता. शेवटी कुराणाच्या शपथा घेऊन, अभय देऊन त्यांना बाहेर काढले, मेजवानीला बसवले आणि जेवताना कापले. थोडे निसटले, राजधानीला पोचले, खरे काय ते सुलतानाला कळले. मग उलटी शिक्षा सुरू झाली आणि दख्खनी सरदारांची डोकी उडाली.

पिरंगुटच्या कारखान्यांतला माल घेऊन टेम्पो आज रोज चाकणला जातात. तिथल्या भुईकोटाची तटबंदी वस्तीच्या मधोमध उभी आहे. त्या तटाजवळून जाताना मला फिरंगोजी नरसाळ्याबरोबर ही बिनकबरीची माणसेही आठवतात. बहमनी राज्याला पडलेली मोठी चीर इथे दिसते. आफाकी म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेले लोक. दख्खनी म्हणजे उत्तरेतून आधी येऊन इथे मुरलेले, इथलेच धर्मांतरित आणि त्यांच्या बाजूचे हबशी. पंथ शिया की सुन्नी, भाषा फारसी की दख्खनी, रंग, कुळ, वतन, सगळ्यावरून वाकडे. पण केवळ वेगळे लोक एकत्र आले म्हणून राज्य मोडते, हे मी मानत नाही. त्यांच्यातला वाद ऐकून घेऊन निवाडा करील असा माणूस गादीवर नव्हता, हे खरे दुखणे. ज्याचे पत्र आधी पोचेल त्याचा न्याय. चाकणला हे पहिल्यांदा उघडे पडले. तीस वर्षांनी त्याच रोगाने राज्याचा सर्वांत मोठा माणूस मारला गेला.

निवाडा करणारा गादीवर नव्हता, हे मी अगदी अक्षरशः म्हणतो. १४६१ मध्ये निजामशाह गादीवर आला तो आठ वर्षांचा. तो दोन वर्षांत गेला. १४६३ मध्ये त्याचा भाऊ तिसरा मुहम्मद आला, तोही नऊ-दहा वर्षांचाच. १४८२ मध्ये महमूदशाह, बारा वर्षांचा. लागोपाठ तीन पोरे. पहिल्या दोघांच्या वेळी राज्य टिकले ते त्यांच्या आईच्या शहाणपणामुळे. इतिहासात ती मखदूमा-इ-जहाँ म्हणून येते. ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गावान या दोन सरदारांना बरोबर घेऊन तिने कारभार चालवला. १४६२ मध्ये माळव्याचा महमूद खिलजी थेट बीदरवर आला, तेव्हा गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत आणून तिने राज्य वाचवले. एवढ्या कर्त्या बाईविषयी मराठीत चार ओळी मिळत नाहीत, याची मला मनापासून खंत आहे. या पुस्तकात तिला एक प्रकरण दिले आहे. पण तिचा दोषही लपवलेला नाही. ख्वाजा जहाँ डोईजड झाला तेव्हा १४६६ मध्ये तिच्या इशाऱ्यावरून त्याला भर दरबारात, बालसुलतानाच्या डोळ्यांदेखत मारण्यात आले. वजीर नकोसा झाला की काय करायचे, हे त्या पोराने असे बघून ठेवले. त्या रिकाम्या जागेवर महमूद गावान बसला.

दरबाराकडून आता जरा गावांकडे येतो. माझ्या मते आपल्याकडच्या बहमनी इतिहासात सर्वांत मोठे भोक इथेच आहे. १३९६ पासून दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला त्याला लोकांनी दुर्गादेवीचा दुष्काळ म्हटले. तो बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. गावेच्या गावे उठली. डोंगर आणि किल्ले लुटारूंच्या आणि पाळेगारांच्या हाती गेले. तीसेक वर्षांनी, १४२९ मध्ये, बीदरहून मलिक-उत्-तुज्जार फौज घेऊन आला. बरोबर दादो नरसो काळे नावाचा जाणता ब्राह्मण कारभारी होता. त्यांनी मुलूख पुन्हा वसवला. जुन्या शिवा कुणाला आठवत नव्हत्या, म्हणून दोन-तीन गावांचे एक गाव केले. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबराभर धान्य. घोड्याच्या तोंडाला बांधतात त्या तोबऱ्याने मोजलेला सारा! ही सवलत देणारे राज्य आणि चाकणला कत्तल करणारे राज्य एकच होते. दोन्ही ध्यानात ठेवल्याशिवाय त्याचा अस्त समजत नाही.

मराठी माणसाने या राज्याची एकच आठवण घरात जपली, ती दामाजीपंतांची. मंगळवेढ्याचा ठाणेदार, दुष्काळात बादशाही धान्यकोठारे लोकांसाठी उघडतो, बीदरहून पकडायला माणसे येतात आणि पंढरीचा विठोबा विठू महार होऊन बीदरच्या दरबारात धान्याची रक्कम भरतो. ही कथा भक्तीची आहे, तिला इतिहासाचा पुरावा म्हणून मी उभी करत नाही. तरी ती राज्याविषयी काय गृहीत धरते ते पाहण्यासारखे आहे. पीक गावात पिकते, कोठारात साठते, किल्ली ठाणेदाराकडे असते आणि हुकूम बीदरचा लागतो. गावाची भूक बीदरला ऐकू जायची तर मध्ये देवालाच जावे लागते. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ मध्ये चौलला उतरला, पालीवरून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर अडकून पडला. जुन्नरच्या सुभेदाराने, असदखानाने, त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि मुसलमान हो मग देतो म्हणाला. पुढे एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा सुटला. निकितिनने नोंदवले आहे की मुलूख माणसांनी भरलेला आहे, खेड्यातले लोक अगदी गरीब आणि अमीर मात्र अतिशय श्रीमंत, चांदीच्या पालख्यांतून फिरणारे. राज्य अजून वैभवात होते तेव्हाचे हे दृश्य आहे.

हे सगळे ज्याला दिसले आणि ज्याने त्यावर हात घातला तो महमूद गावान. इराणच्या गीलानचा. घोड्यांचा आणि उंची मालाचा व्यापारी म्हणून चाळिशी उलटल्यावर तो दाभोळला उतरला. त्याने खेळणा घेतला, १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवे घेतले, बीदरला मदरसा बांधला. त्याचे भव्य अवशेष आजही उभे आहेत. पण मला मोठे वाटते ते त्याचे कागदावरचे काम. चार तरफांच्या त्याने आठ केल्या. दौलताबादेतून जुन्नर वेगळे काढले आणि आमचा हा सगळा मावळ जुन्नर तरफेत आला. प्रत्येक तरफेतली काही गावे सुलतानाच्या खालशात घेतली. जमिनीची मोजणी आणि शिवांची आखणी सुरू केली. तरफदाराने पाचशे स्वार ठेवायचे तर त्यासाठी किती हून मिळणार ते ठरवले आणि स्वार कमी भरले की तेवढी रक्कम कापायची असे केले. आणि सर्वांत जाचणारी गोष्ट ही की तरफदाराच्या हातात एकच किल्ला. बाकी सगळ्या किल्ल्यांवरचे किल्लेदार आणि शिबंदी बीदरहून नेमली जाणार, पगार बीदरचा, हुकूम बीदरचा.

गावानवर लिहिणारे बहुतेक इथे त्याची आरती करतात. माझाही त्याच्यावर जीव आहे, म्हणूनच एक गोष्ट बोलतो. आठ तरफा वाटताना त्याने आफाकी आणि दख्खनी यांचा तोल सांभाळला खरा, पण विजापूरची तरफ स्वतःकडे ठेवली. वजिरीही त्याचीच. ज्याने इतरांचे पंख कापले त्याच्या स्वतःच्या पंखांना कुणी हात लावला नाही, असे इतरांना दिसले. तो माणूस मातीच्या भांड्यात जेवत होता, चटईवर झोपत होता, सरकारी पैशाला शिवत नव्हता, असे फेरिश्ता लिहितो. पण हे त्याच्या मरणानंतर खजिनदाराने सांगितले तेव्हा कळले. राज्याची नवी घडी एका माणसाच्या सचोटीवर टेकून राहिली आणि त्या सचोटीची ग्वाही द्यायला तो माणूसच लागत होता. नियम त्याने केले. ते सुलतानालाही बांधतील अशी जागा मात्र त्या राज्यात कुठेच नव्हती, आणि ती निर्माण करणे एकट्या वजिराच्या आवाक्यातले नव्हते.

तेलंगणची तरफ तुटल्यामुळे सर्वांत दुखावला गेला मलिक हसन निजाम-उल्-मुल्क. हा मूळचा पाथरीच्या कुळकर्ण्याचा मुलगा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला, दख्खनी पक्षाचा म्होरक्या. त्याच्या लोकांनी गावानच्या शिक्केदाराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मिळवला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला चढाईचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले. ५ एप्रिल १४८१, कोंडपल्लीचा तळ. दारूत असलेल्या तिसऱ्या मुहम्मदाने पत्र दाखवले, गावान म्हणाला शिक्का माझा, मजकूर माझा नाही. चौकशी झाली नाही. सत्तरी गाठलेल्या त्या माणसाचे डोके तिथेच उडवले. चाकणचेच पत्र पुन्हा आले होते. वर्षभरात सुलतानही पश्चात्तापात आणि दारूत मेला. पण त्याआधी, गावानच्या वधानंतर लगेच, राज्याचे दोन बळकट सरदार, वऱ्हाडचा फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क आणि गावानला बापाजागी मानणारा युसूफ आदिलखान, आपला तळ सुलतानाच्या तळापासून दूर ठोकू लागले. एक दख्खनी, एक आफाकी. फौजा अजून एकत्र कूच करत होत्या, पण तंबूंमधले ते अंतर पुढे कधी मिटले नाही. मला विचाराल तर बहमनी राज्य तिथे संपले. पुढचे सगळे वाटणीचे कागद.

मलिक हसन वजीर झाला. त्याने आपला मुलगा मलिक अहमद जुन्नरला पाठवला. आणि आता ती शिवनेरीची हकीगत. किल्ल्यावर गावानच्या व्यवस्थेप्रमाणे नेमलेली मराठ्यांची शिबंदी होती. मलिक अहमदाने किल्ला मागितला, तेव्हा त्यांनी दिला नाही. त्यांचे म्हणणे असे की सुलतान अजून लहान आहे, तो वयात येऊन स्वतः हुकूम देईल तेव्हा किल्ला खाली करू. वजिराच्या पोराने मागितला म्हणून नाही. गावानला मरून पाच वर्षे झाली होती. त्याने केलेला नियम बीदरच्या दरबारात पायदळी तुडवला गेला होता, ज्याच्या नावाने तो होता तो सुलतान सोळा वर्षांचा आणि कैद्यासारखा. आणि शिवनेरीच्या कड्यावर काही मराठी माणसे तो नियम पाळून वेढ्यात बसली होती. वेढा लांबला. शेवटी गळ्यात तलवारी अडकवून ती खाली उतरली. गडावर महाराष्ट्राचा आणि कोकणचा पाच वर्षांचा वसूल साठलेला सापडला. त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

माझे म्हणणे या एका प्रसंगावर उभे आहे. बहमनी राज्य डोंगरातल्या लोकांनी पाडले नाही. पाडले ते राजधानीत, त्याचा पगार आणि किताब घेणाऱ्यांनी. मावळातल्या गडांवरची माणसे त्याच्याशी बांधलेली राहिली. आमच्याकडच्या खोऱ्यांत पुढे ढमाले, मारणे, पासलकर अशी देशमुखी घराणी नावारूपाला आली. त्यांचे गादीशी नाते वतनाचे होते, आणि शिवाजीराजांनी हाताळले ते हेच वतन आणि हेच किल्ले. किल्ल्यावर एकाच्या हाती सगळा कारभार द्यायचा नाही, हवालदार, सबनीस, कारखानीस वेगवेगळे ठेवायचे, वतनापेक्षा रोख पगार बरा, ही राजांची व्यवस्था वाचताना मला दर वेळी गावान आठवतो. ती त्याच्याकडून घेतली असे म्हणायला पुरावा नाही आणि मी तसे म्हणत नाही. एकाच डोंगराळ मुलखाने दोन कर्त्या माणसांना तोच प्रश्न घातला, एवढे मात्र खरे.

विजयनगरशी झालेल्या युद्धांवर मी कमी पाने दिली आहेत, याबद्दल काही वाचक नाराज होतील. रायचूरच्या दुआबासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि खजिना गेला, हे खरेच. पण तोच रक्तस्राव विजयनगरलाही होत होता आणि ते राज्य १५६५ पर्यंत उभे राहिले. शेजाऱ्याशी युद्ध हे झीज का होते याचे कारण आहे. तुकडे का झाले याचे नाही.

साधनांबद्दल सांगायलाच हवे. फेरिश्ता स्वतः अस्त्राबादहून आलेला, म्हणजे आफाकी. चाकणची कत्तल तो सांगतो तेव्हा त्याच्या लेखणीत आपल्या माणसांचे दुःख असते. दख्खनी बाजूचे म्हणणे त्याच्याकडून पुरे ऐकू येणार नाही. अहमदनगरच्या दरबारात लिहिणाऱ्या तबातबाईला आपल्या धन्याच्या घराण्याचा मूळ पुरुष फितूर ठरवणे परवडणारे नव्हते. गावानची स्वतःची पत्रे 'रियाज-उल्-इन्शा'त आहेत, अलंकारांनी लगडलेली. त्या अलंकारांखाली एक थकलेला, एकटा पडत चाललेला माणूस सापडतो. गेल्या शतकात हैदराबादच्या हारून खान शेरवानींनी हे सगळे तपासून जे काम करून ठेवले, त्याच्या ऋणात मी पानोपानी आहे. त्यांच्याशी जिथे माझे पटले नाही तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. ग्रँट डफने दुर्गादेवीच्या दुष्काळाची आणि दादो नरसोची हकीगत टिपून ठेवली नसती तर तोबऱ्याचा सारा आपल्याला कळला नसता.

मी फारसीचा पंडित नाही, हेही सांगून टाकतो. जिथे मूळ शब्दावर अर्थ अडत होता तिथे जाणकारांपाशी बसून तो उलगडून घेतला. मला अधिकार असलाच तर एवढाच की यादीतले किल्ले मी पायांनी पाहिले आहेत. कोरीगडाच्या तटावरून लांब चालत गेले की कळते, वर शे-सव्वाशे माणसे आणि पाणी असले तर खालच्या हजारोंना किती दिवस थोपवता येते. आणि हेही कळते की पावसाळ्यात ढग खाली उतरल्यावर त्या माणसांना बीदर किती लांब वाटत असेल. गावानला मारल्याची बातमी वर पोचायला किती आठवडे लागले असतील? ती आल्यावर त्यांनी आपसात काय बोलणे केले असेल?

शिवनेरीवर बसून राहिलेल्या त्या शिबंदीतल्या एकाचेही नाव फेरिश्ताने लिहिलेले नाही. कोण होती, कुठल्या गावची, त्यांच्यात आमच्या खोऱ्यातले कुणी होते का, काही कळत नाही. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण बीदरला सुरू होत नाही. ते शिवनेरीच्या दरवाजात सुरू होते, मलिक अहमदाचा माणूस किल्ला मागायला वर येतो तिथे.

पिरंगुट, ता. मुळशी, जि. पुणे